जुनी रायफल आणि तिचे काडतूस



या व्याख्यानमालेत काल आपण संतवाङ्मयावर ऐकले आणि उद्या ग्रहगोलांवर ऐकणार आहात. या दोहोंच्या मध्ये आज मी काडतुसे घेऊन उभा आहे. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी तो भीतभीतच सांगितला. पण त्यांनी तो मान्य केला, तेव्हा आता दोष निम्मा त्यांचा.

काडतूस हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे १८५७ साल उभे राहते. एन्फील्ड रायफलीचे ते कागदी काडतूस, त्याला लावलेली चरबी, आणि पुढचे सारे रामायण. त्या वादात मला शिरावयाचे नाही. तेव्हा भांडण काडतुसाच्या बाहेरील कागदाविषयी होते; मला बोलावयाचे आहे ते आतल्या दारूविषयी आणि ती ज्या नळीत पेटते त्या नळीविषयी. जुनी सैनिकी रायफल हाती आली, तर तिच्यात कोणते काडतूस घालावे आणि कोणते घालू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला एका पत्रातून आला. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडे जुनी शस्त्रे विकत घेण्याची हौस पुष्कळांना असते, ती त्यालाही लागली. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात राणांच्या काळापासून पडून असलेल्या हजारो बंदुका २००३ साली अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. त्यांतलीच एक पुढे फिरत फिरत याच्याकडे आली. त्याने लिहिले, 'काका, बंदूक मार्टिनी-हेन्री आहे असे विकणारा म्हणतो. नळीवर देवनागरी आकडे आहेत, ते येथे मलाच काय ते वाचता येतात. हिच्यात कोणते काडतूस घालू?' मी आयुष्यभर धातुपरीक्षेचे काम केले. मोडलेले, फुटलेले, तडकलेले पोलाद पाहण्यात माझी वर्षे गेली. म्हणून त्याने मला विचारले.

पण त्या पत्राने मला धडकी भरली ती निराळ्या कारणाने. ते कारण आधी सांगून टाकतो.

माझा आजोळचा गाव कोकणात. मामाकडे ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका तिकडे अजूनही असतात, कारण माकडे आणि रानडुकरे कोणाचे ऐकत नाहीत. एके दिवशी मामाची काळी दारू संपली. घरात शेजाऱ्याची बारा बोराची दोन काडतुसे होती. मामाने ती फोडली, आतली दारू काढली, नेहमीच्या मापाने मापली आणि नळीत ठासली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. खळ्याच्या कडेला उभा होतो. आवाज नेहमीसारखा झाला नाही, कोरडा, फाटल्यासारखा झाला. नळी मुळाशी उकलली होती आणि मामाच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली होती. मामा पुढे तीस वर्षे जगला, आणि तीस वर्षे एकच वाक्य बोलत राहिला, 'अरे, माप तेच होते!'

मंडळी, माप तेच होते; दारू ती नव्हती. माझे सगळे व्याख्यान या एका वाक्यात आले म्हणा ना.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक; शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. शेकडो वर्षे जगातल्या सगळ्या बंदुका हिच्यावर चालल्या. हिचा धूर फार, घाण फार. जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग वायू न होता राख आणि काजळी होऊन उरतो. पण हिचा एक गुण आहे. कोंडली तरी हिचा जळण्याचा वेग फारसा बेफाम होत नाही. थोडी अधिक पडली तर बंदूक खांद्याला जोराने धक्का देईल; पण बहुधा तेवढ्यावर भागेल.

१८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू केली आणि दोन वर्षांत फ्रान्सने तिच्यासाठी लेबेल रायफल काढली. इंग्लंडात एबल आणि ड्यूअर यांनी १८८९ साली कॉर्डाइट केले. कॉर्डाइट आपण पाहिले नसेल. ते भुकटीसारखे नसते, शेवयांसारखे असते. पिवळसर तपकिरी, बारीक शेवया, काडतुसात उभ्या भरलेल्या. नायट्रोग्लिसरिन शेकडा ५८, गनकॉटन ३७ आणि राहिलेले ५ भाग खनिज मलम, म्हणजे आपल्या व्हॅसलिनच्या जातीचे. आपल्याकडेही नीलगिरीत अरुवनकाडू येथे याचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी निघाला.

या नव्या दारूचा स्वभाव उलटा. जितका दाब वाढेल तितकी ती वेगाने जळते, आणि जितकी वेगाने जळते तितका दाब वाढतो. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखे हे आहे. आरंभी काही वाटत नाही आणि मग एकाएकी घर जाते. शिवाय तिचा जोर वजनाच्या मानाने फार मोठा. .३०३ च्या पहिल्या काडतुसात, १८८८ साली, दाबून बसविलेली काळी दारू सुमारे ७० ग्रेन होती. तीन वर्षांनी त्याच पुंगळीत कॉर्डाइट आले ते सुमारे ३१ ग्रेन. निम्म्याहूनही कमी, आणि गोळी पूर्वीपेक्षा वेगाने जाऊ लागली. ग्रेन म्हणजे काय हे सराफांस सांगावयास नको. एका तोळ्यात १८० ग्रेन होतात.

आता मार्टिनी-हेन्री घ्या. ही १८७१ साली इंग्रजी फौजेने स्वीकारली. खाली एक दांडी. ती ओढली की मागचा ठोकळा खाली जातो आणि काडतूस घालण्याची वाट उघडते. एका वेळी एकच गोळी. काडतुसात काळी दारू ८५ ग्रेन, म्हणजे अर्ध्या तोळ्याला जराशी कमी, आणि शिशाची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या आसपास. पुंगळी आरंभी अखंड पितळेची नव्हती. पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून तिला लोखंडी बूड लावलेले असे. रणधुमाळीत नळी तापली आणि वाळू शिरली की ही पुंगळी आतच अडकून बसे. १८८५ साली सुदानात अबू क्लेआच्या लढाईत इंग्रज शिपायांनी याचा कडू अनुभव घेतला. पुढे अखंड ओढीव पितळेच्या पुंगळ्या आल्या. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींहून एक पिढी जुने हत्यार देण्याचा सरकारचा रिवाजच होता. म्हणून गोऱ्यांच्या हाती ली-मेटफर्ड गेल्यावर आपल्या शिपायांच्या हाती मार्टिनी राहिली. संस्थानांच्या शस्त्रागारांतून आणि आपल्या वस्तुसंग्रहालयांतून ती आजही दिसते ती यामुळे.

ही बंदूक मजबूत आहे काय? आहे. पण ती कशासाठी मजबूत आहे, हा प्रश्न पुढे विचारावयाचा असतो आणि तो बहुधा कोणी विचारीत नाही. ती काळ्या दारूसाठी घडविलेली आहे. तिच्या पुंगळीत जागा केवढी मोठी! तेवढी जागा एखाद्याने बिनधुराच्या दारूने भरली, तर त्या बंदुकीचे काय होईल ते मी मामाच्या खळ्यात पाहिले आहे.

याच्याच नात्यातली गोष्ट अमेरिकेच्या जुन्या स्प्रिंगफील्डची. १८७३ सालची ती एकबारी बंदूक. मागचा भाग पेटीच्या झाकणासारखा वर उघडतो. तिचे काडतूस .४५-७०, म्हणजे .४५ इंचाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू. मौज अशी, की हे काडतूस अजून मेले नाही. नव्या, भक्कम पोलादाच्या बंदुका आजही त्या मापाच्या होतात आणि त्या पुष्कळ अधिक दाब सोसतील. तरी अमेरिकेतल्या काडतूस-उत्पादकांच्या संस्थेने या काडतुसाची दाबाची मर्यादा चौरस इंचास २८,००० पौंडांवरच ठेवली आहे. कारण काय? तर दीडशे वर्षांपूर्वीची ती म्हातारी कोणाच्या तरी माळ्यावर असेल, आणि तो माणूस दुकानात जाऊन पेटी विकत आणील. अनोळखी माणसाच्या बोटांची एवढी काळजी व्यापाऱ्याने घ्यावी, हे मला फार आवडते. पण काही लहान कारखाने 'फक्त नव्या बंदुकीसाठी' असे छापून याहून जहाल काडतुसेही काढतात. तेव्हा पेटीवरची बारीक अक्षरे वाचणे काही सुटत नाही.

आता दुसऱ्या फसवणुकीकडे वळू. पहिली फसवणूक मापाची, दुसरी बसण्याची. काडतूस आत गेले, बोल्ट मिटला, तेव्हा हे याचेच काडतूस, असे माणसाला सहज वाटते. किल्ली कुलपात शिरली म्हणून कुलूप तिचेच, असे आपण म्हणतो काय?

जर्मनीने १८८८ साली एक रायफल काढली. तिला 'कमिशन रायफल' म्हणतात, कारण ती कोणा एका कारागिराने नव्हे, तर एका लष्करी समितीने मिळून तयार केली. समितीने केलेली वस्तू कशी होते, हे नगरपालिकेच्या गावातल्या लोकांस मी काय सांगावे! तिच्या नळीचा आतला व्यास ७.९ मिलिमीटर, आणि आतल्या पेचदार खाचांच्या तळाशी मोजले तर ८.१. गोळी ८.०८ मिलिमीटरची, बोथट नाकाची. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनांनी टोकदार, हलकी आणि वेगवान गोळी आणली. टोकदार गोळीच्या जर्मन नावावरून तिला 'एस' म्हणत. ही गोळी ८.२२ मिलिमीटरची. दोन्ही गोळ्यांत अंतर किती? ०.१४ मिलिमीटर! जाडसर कागदाच्या एका तावाएवढे. डोळ्यांनी ते दिसत नाही, बोटांना ते लागत नाही. पुंगळीची लांबी दोघांची सारखीच, ५७ मिलिमीटर. आणि नवी गोळी जुन्या, अरुंद नळीतून जाताना दाब चढतो तो मात्र कागदाएवढा चढत नाही. शिवाय नव्या काडतुसातली दारूही अधिक जोराची.

जर्मनांना हे ठाऊक होते. जुन्या रायफलींपैकी ज्यांच्यात नवे काडतूस चालावे असा फेरफार केला, त्यांच्यावर त्यांनी 'एस' अक्षर ठोकले. पण हे अक्षर मुख्यतः सांगते ते काडतुसाचे घर रुंद केल्याचे; पुढची नळी आतून किती रुंद आहे याची ती हमी नव्हे. म्हणून जाणता कारागीर त्या 'एस'वरही विसंबत नाही, नळी मोजतो. कशी मोजतात? मऊ शिशाची गोळी नळीत घालून लाकडी दांडीने हळूहळू पलीकडे ढकलतात. तिच्यावर खाचांचे ठसे उमटतात, आणि मग ती सूक्ष्ममापकात धरून मोजतात. घराचे माप पाहिजे असेल तर त्यात लवकर वितळणारी मिश्रधातू ओतून ठसा काढतात. पन्नास रुपयांचे शिसे आणि अर्ध्या तासाचे काम. पण ते करावयाचे कोणी सुचवीत नाही.

या दोन काडतुसांच्या नावांतही एक गंमत आहे. जुन्याला 'आय' म्हणत, म्हणजे इन्फंटरी, पायदळ, नव्याला 'आयएस'. जुन्या जर्मन लिपीत मोठा 'आय' आणि मोठा 'जे' सारखेच दिसतात. बाहेरच्यांनी 'आय'चा 'जे' वाचला, आणि आज जगभर पेट्यांवर 'जे' आणि 'जेएस' असेच छापले जाते. मोडी वाचणाऱ्यांस हा घोळ नवा नाही. तेथे एका काना-वेलांटीने जमीन इकडची तिकडे होते. येथे डोळा जातो. या जुन्या रायफली तुर्कस्तानात गेल्या, चीनने तिच्या नमुन्यावर आपली हानयांग रायफल केली. अशी ती जगभर पसरली असल्यामुळे अमेरिकेत या काडतुसाची मर्यादाही मुद्दाम खाली ठेवली आहे. युरोपातले तेच काडतूस पुष्कळ जोराचे असते. नाव एक, पेटी दोन देशांची, आणि आतला राक्षस निरनिराळा.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर .४१० ची मस्केट घ्या. इंग्रजांनी जुन्या ली-एन्फील्ड रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत करून, एकबारी करून, पहारेकरी आणि पोलीस यांच्या हाती दिल्या. हिचे काडतूस म्हणजे .३०३ चीच पुंगळी, फक्त तिचे तोंड आवळलेले नाही. दुकानात शिकारी बंदुकीचे .४१० नावाचे छर्ऱ्याचे काडतूस मिळते. नाव तेच, पण त्याचे अंग या घरात सैल पडते, आणि पितळ असो वा प्लॅस्टिक, ते फाटून मागे वायू येतो. मागे म्हणजे कोठे? बंदूक रोखणाऱ्याच्या डोळ्याकडे.

.३०३ चे पुराण तर न संपणारे आहे. ली-मेटफर्डच्या नळीतल्या खाचा उथळ आणि गोलसर होत्या. काळ्या दारूची काजळी पुसावयास सोय म्हणून. कॉर्डाइटच्या आगीने त्या लवकर झिजू लागल्या, म्हणून १८९५ साली खोल, चौकोनी कडांच्या खाचा आल्या आणि रायफल ली-एन्फील्ड झाली. १९१० साली टोकदार गोळीचे मार्क सात काडतूस आले, तेच पुढे दोन्ही महायुद्धांत चालले. १९३८ साली मार्क आठ आले; ते विकर्स मशीनगनसाठी. दाब अधिक, नळी खाणारे. रायफलीत ते बसते. बसते! पण ते रायफलीसाठी नव्हे. पुंगळीच्या बुडावर ते लिहिलेले असते: रोमन आकडा सातचा की आठचा, साल कोणते, कारखाना कोणता. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा; त्याच्या पुंगळ्यांवर 'केएफ' ही अक्षरे. मी अशी पुंगळी हाती घेतली की पत्रावरचा शिक्का पाहावा तशी प्रथम बूड पाहतो.

आणि बोल्ट. ली-एन्फील्डचा बोल्ट त्याच रायफलीसाठी घासून बसविलेला असतो. दोहोंवर एकच नंबर असावयास पाहिजे. निराळा बोल्ट बसविला तर बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड यांच्यामध्ये फट राहते. ०.०६४ इंच जाडीची कसोटीची चकती घातली असता बोल्ट मिटावा, आणि ०.०७४ इंचाची घातली असता मिटू नये, असा नियम आहे. मधले अंतर दहा हजारांश इंचांचे, कारखान्यात ज्याला दहा थाऊ म्हणतात. फट याहून वाढली की पुंगळी मागे ताणली जाऊन बुडाजवळ तुटते. काडतूस अगदी योग्य, नवे कोरे, तरी हा अपघात होतो.

स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात इच्छापूरच्या कारखान्याने हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केली. दिसावयास जवळजवळ जुळी बहीण. पण आतले पोलाद बदलले होते, कारण नव्या काडतुसाचा दाब अधिक. जुन्या बहिणीला नवीचे काम सांगू नये.

पोलादाची गोष्ट निघाली तेव्हा माझ्या स्वतःच्या विषयात थोडे रेंगाळतो; अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे क्षणभर पाहू नये. अमेरिकेची १९०३ सालची स्प्रिंगफील्ड रायफल उत्तम म्हणून नावाजलेली. १९१७ साली, महायुद्धात, तिचे काही साचे फुटले. साचा म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग. चौकशीत आढळले ते असे. साचा घडविताना पोलाद किती तापले हे भट्टीवरचा अनुभवी कारागीर नुसत्या डोळ्यांनी, रंगावरून ठरवीत असे. ढगाळ दिवशी तापलेले लोखंड झगझगीत दिसते. लख्ख उन्हात तेच लोखंड निस्तेज दिसते. म्हणून ऊन असले की कारागीर ते आणखी तापवी. नंतर उष्णतामापक लावून पाहिले तेव्हा दोन दिवसांच्या तापमानांत ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत फरक निघाला. इतके तापलेले पोलाद जळून ठिसूळ होते. बाहेरून ते निळसर, देखणे, निर्दोष. पुढे १९१८ साली पद्धत बदलली. तोवर स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात सुमारे आठ लाख, आणि रॉक आयलंड येथे २,८५,५०७ क्रमांकापर्यंत रायफली होऊन गेल्या होत्या. त्या सगळ्या वाईट नाहीत. कित्येकींनी हजारो गोळ्या झाडल्या आणि काही झाले नाही. पण कोणती उन्हातली आणि कोणती ढगातली, हे तिच्यावर लिहिलेले नाही. तेव्हा जाणते लोक नंबर पाहतात आणि त्या खालच्या नंबरांची रायफल झाडीतच नाहीत. येथे योग्य काडतूस नावाची वस्तूच उरत नाही.

मी स्वतः अशा भट्ट्यांवरचे म्हातारे कारागीर पाहिले आहेत. डोळ्यांनी रंग पाहून ते तापमान सांगत, आणि बहुतेक वेळा अचूक सांगत. मला त्यांच्याविषयी आदर आहे. म्हणूनच ही ढगांची गोष्ट मला झोपू देत नाही.

तर मग नळीवरच्या खुणांवर तरी विश्वास ठेवावा काय? ठेवावा, पण डोळे उघडे ठेवून. इंग्लंडात लंडन आणि बर्मिंगहॅम येथे बंदुका पारखण्याची सरकारमान्य घरे आहेत. तेथे नेहमीपेक्षा जोराचे काडतूस झाडून बंदूक टिकली तर तिच्यावर शिक्का मारतात. .३०३ वर पुष्कळदा 'चौरस इंचास १८.५ टन' असा शिक्का आढळतो. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेवर चार-पाच हत्ती उभे केले, असे समजा. हा शिक्का मोलाचा. पण तो मारला त्या दिवसापुरता खरा. त्यानंतरचे गंज, झीज आणि हौशी माणसांनी केलेली कानस त्यात धरलेली नसते.

आणि खोटे शिक्केही असतात. सरहद्दीवर दर्रा आदमखेल येथे हाताने बंदुका घडविणाऱ्यांची पिढीजात वस्ती आहे. नक्कल इतकी हुबेहूब, की पाहणारा थक्क व्हावा. पण इंग्रजी न जाणणारा कारागीर अक्षरांचे चित्र काढतो. त्यामुळे 'एन' उलटा पडतो. व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली. पण तिच्या नावाच्या मुद्रेखाली त्यानंतरचे साल कोरलेले दिसते. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या शिपायांनी अशा मार्टिनी हौसेने घरी नेल्या. त्यांतले पोलाद रेल्वेच्या रुळाचे की मोटारीच्या धुरीचे, कोण सांगणार? त्या भिंतीवर शोभतात.

काडतूस योग्य निघाले, बंदूक खरी निघाली, तरी जुन्या लष्करी साठ्यातल्या काडतुसांचा एक उपद्रव उरतो. त्यांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते. म्हणजे मिठाचाच भाऊ. ते हवेतली ओल ओढते आणि नळीला गंज चढतो. पुष्कळ लोक तेल लावून स्वस्थ बसतात. मीठ तेलात विरघळते काय, हे घरी विचारा! त्याला पाणीच पाहिजे. गोरा शिपाई नळीत नरसाळे लावून उकळते पाणी ओती आणि मग कोरडे करून तेल लावी, ते याच कारणाने. आणि जुन्या टोपीने एक वेळ दगा दिला, घोडा पडला पण बार झाला नाही, तर लगेच बोल्ट उघडू नये. नळी लक्ष्याकडेच धरून निदान एक मिनिट थांबावे. बार उशिरा होतो, आणि तो उघड्या बोल्टात झाला तर बोलावयास नको.

आपल्याकडे परवान्यावाचून असले काही हाताळणे हा गुन्हा आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम त्याबाबत स्पष्ट आहे. त्यामुळे माळ्यावर पणजोबांची रायफल सापडलीच, तर पहिला रस्ता पोलीस ठाण्याचा, काडतुसाच्या दुकानाचा नव्हे. आत काडतूस अडकलेले असेल तर ते स्वतः ठोकून काढू नये. पेटीत जुनी काडतुसे हिरवी पडलेली आढळली तर ती घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. आमच्या भगिनींना पितांबरी दिसली की राहवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता पुतण्याच्या पत्राचे काय झाले ते सांगून थांबतो. मी त्याला उलट लिहिले, की काडतुसाचे नाव मागू नकोस, आधी बंदुकीचे नाव नक्की कर. जवळच्या जाणत्या शस्त्रकाराकडे ने, आतला भाग उघडून पाहा, नळी आणि घर मोजून घे. महिन्याने उत्तर आले. ती मार्टिनी-हेन्री नव्हतीच! बाहेरून तशीच, दांडीही तशीच. पण आतली यंत्ररचना वेगळी. ती नेपाळातच हाताने घडविलेली गहेंद्र रायफल निघाली. जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाची. प्रत्येक भाग हाताने घासलेला, एकीचा दुसरीला बसेलच असे नाही, पोलाद मऊ. जाणते लोक ती झाडू नका म्हणतात. शस्त्रकाराने ती परत देताना तिच्या दांडीला एक चिठ्ठी बांधली होती: 'कोणतेही काडतूस नाही.' पुतण्याला वाईट वाटले असावे. त्याने ती दिवाणखान्यात लावली आहे आणि खाली नळीवरच्या देवनागरी आकड्यांचे इंग्रजीत वाचन लिहून ठेवले आहे.

समोरच्या टेबलावर मी तीन रिकाम्या पुंगळ्या ठेवल्या आहेत: एक मार्टिनीची, एक .३०३ ची आणि एक जर्मन. शेजारी त्या दोन जर्मन गोळ्याही आहेत, ८.०८ ची आणि ८.२२ ची. त्यांत दारू नाही, टोपी नाही. मुलांनी हात लावण्यास हरकत नाही. सूक्ष्ममापकही आणला आहे. दोन गोळ्यांतली कोणती मोठी, हे आधी बोटांनी ओळखून पाहा आणि मग मोजा. प्रश्न असतील तर मी येथेच आहे.